एसएमपीएस : घरी जोडलेल्या संगणकाचा वीजपुरवठा

भिंतीतल्या प्लगमधून येणाऱ्या २३० व्होल्टच्या एसी विजेपासून संगणकाला लागणारी कमी व्होल्टची डीसी वीज तयार करणारा लोखंडी डबा म्हणजे एसएमपीएस. ‘स्विच्ड मोड पॉवर सप्लाय’ हे त्याचे पूर्ण नाव, पण ते कोणी उच्चारत नाही. त्यातून मुख्यतः १२ व्होल्ट मिळतात. शिवाय ५ आणि ३.३ व्होल्ट, आणि संगणक बंद असतानाही जिवंत राहणारी ५ व्होल्टची स्टँडबाय लाईन. डब्याचा आकार, स्क्रूंच्या जागा आणि मदरबोर्डचा कनेक्टर इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकातून आले. तेव्हा २० पिनांचा असलेला कनेक्टर पुढे २४ पिनांचा झाला.

निवडीची चर्चा बहुधा वॅटपासून सुरू होते. मराठवाड्यात ती भिंतीतल्या विजेपासून सुरू करावी. गावातली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) घरापासून लांब असते आणि त्याच लाईनवर पाण्याच्या मोटारी चालत असल्या की शेवटच्या घरांत व्होल्टेज पडते. मोटारी बंद झाल्या की चढते. १०० ते २४० व्होल्ट असे लेबलवर छापलेला, ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून येणारा प्रवाह सारखा राखणारे सर्किट) असलेला एसएमपीएस पडलेले व्होल्टेज सहज सोसतो, कारण तो तेवढा प्रवाह जास्त ओढून घेतो. अशा एसएमपीएसला स्टॅबिलायझरची गरज नसते. जुन्या, स्वस्त डब्यांच्या मागे मात्र ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. तो आपल्याकडे कायम २३० वरच हवा. चुकून ११५ वर गेला आणि बटण दाबले, की स्फोटासारखा आवाज होऊन डबा संपतो. घरात लहान मुले असतील तर त्या खटक्यावर चिकटपट्टी लावलेली बरी.

खरा घात होतो न्यूट्रल तुटल्यावर. डीपीवरचा न्यूट्रल निसटला की थ्री फेजच्या घोळात एखाद्या घरात २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. हे कोणताही एसएमपीएस फार वेळ सोसत नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढल्यावर लाईन तोडणारे संरक्षक यंत्र मीटरजवळ बसवावे. आणि रोहिणी-मृगाच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

अर्थिंगचा मुद्दा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून तो जरा सविस्तर. अनवाणी पायांनी शहाबादी फरशीवर उभे राहून मनगटाची आतली बाजू कॅबिनेटच्या कडेला लागली की बारीक झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटतो. ‘एसएमपीएस लीक मारतोय’ असे समजून लोक तो बदलतात, आणि नव्यालाही झिणझिण्या येतात. कारण बिघाड डब्यात नसतो. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी प्रत्येक चांगल्या एसएमपीएसमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) असतात. अर्थिंग तुटलेले असेल तर या दोघांमध्ये कॅबिनेट लोंबकळत राहते आणि त्यावर साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज दिसते. प्रवाह फार थोडा असल्याने नुसत्या मुंग्या येतात. पण आत एखादी फेजची वायर खरोखर कॅबिनेटला टेकली, तर वाचवणारे काहीच उरलेले नसते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते राहते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वरून पाणी घालत राहण्याची जुन्या वायरमनची पद्धत याचसाठी आहे. वायरमनकडून मोजून घ्यावे: फेज-अर्थमधले व्होल्टेज फेज-न्यूट्रलइतकेच हवे आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जाऊ नये. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये घालून काम चालवणे म्हणजे अर्थिंग स्वतःच्या हाताने तोडणे.

दुसरा शत्रू उष्णता. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, मग कॅबिनेटच्या आत काय असेल याचा अंदाज करावा. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० अंश वाढीला सुमारे निम्मे आयुष्य गमावतात. म्हणून १०५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर असलेला घ्यावा. ‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या, २००४ पासूनच्या शिक्क्याकडेही इथे विजेच्या बिलापेक्षा उष्णतेच्या नजरेने पाहावे. आत ३०० वॅट लागत असतील तर ८० टक्के कार्यक्षमतेचा डबा भिंतीतून ३७५ वॅट ओढतो आणि ७५ वॅट नुसते तापण्यात घालवतो. ९० टक्क्यांचा सुमारे ३३ वॅट घालवतो. शिक्का दर्जाची संपूर्ण हमी देत नाही, पण थंड चालणारा डबा जास्त टिकतो. पंखा खाली तोंड करून असेल तर जाळीवर बसणारा धुरळा दर महिन्याला झटकावा.

आता वॅट. खोक्यावर ४५० लिहिलेले असते, पण लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असतील तर कामाची शक्ती २१६ वॅटच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळे १२ व्होल्टवरच जगतात, म्हणून तोच आकडा वाचावा. ६५ वॅटचा म्हणून विकलेला प्रोसेसर पूर्ण भारात ९० च्या आसपास जाऊ शकतो. १७० वॅटचे कार्ड आणि बाकी सगळ्याला ६० धरले तर ३२० होतात, आणि ५०० ते ५५० वॅटचा चांगला डबा योग्य ठरतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती संगणकाला ४०० वॅटही भरपूर. मोठी कार्डे क्षणभर ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त ओढतात. असे झटके सोसण्याची अट २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात आली. कॅबिनेटसोबत फुकट आलेला हलका डबा ग्राफिक्स कार्डाला कधीही जोडू नये.

भारनियमनामुळे घरोघरी इन्व्हर्टर आहेत. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा वेळ एसएमपीएसला आपल्या कपॅसिटरवर काढावा लागतो. पूर्ण भारात हा वेळ सुमारे १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे विजेच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. त्यामुळे इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, म्हणजे झटपट बदलणाऱ्या मोडवर, ठेवावा आणि तो साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, असावा. चौकोनी लहरीवर ॲक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस लाईट गेली की बंद पडतात, आणि दोष मात्र मदरबोर्डला दिला जातो.

बिघाड शोधताना बाहेरून आत यावे. आधी प्लग, केबल, मागचे बटण. मग मदरबोर्डवरचा छोटा दिवा: तो पेटत नसेल तर स्टँडबाय लाईन गेली असण्याचा संभव. बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा घेऊन थबकला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे; अशा वेळी ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क एकेक करून काढून पाहाव्यात. नुसते टाइप करताना ठीक आणि गेम सुरू केला की रिस्टार्ट, हे भाराखाली १२ व्होल्ट खचल्याचे लक्षण.

मदरबोर्डच्या कनेक्टरमधली हिरवी वायर यूपिन लावून काळीला जोडायची आणि डबा मदरबोर्डशिवाय सुरू करायचा, ही चाचणी सगळ्यांना माहीत आहे. मात्र ती २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढूनच करावी. त्यात पंखा फिरला म्हणजे डबा चालू होतो एवढेच कळते, तो भार उचलतो की नाही हे कळत नाही. काही नव्या डब्यांचा पंखा कमी भारात फिरतच नाही, म्हणून न फिरणेही पुरावा नव्हे. मल्टिमीटरने संगणक चालू असताना मोजावे: १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. सगळ्यांत भरवशाची चाचणी म्हणजे मित्राचा चालू एसएमपीएस तासभर लावून पाहणे. तेव्हा केबलही त्याच्याच वापराव्या. मॉड्युलर, म्हणजे डब्यापासून सुट्या होणाऱ्या, केबलचे डब्याकडचे टोक प्रत्येक कंपनीत वेगळे असते. कनेक्टर नीट बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते.

डबा उघडून फुगलेले कपॅसिटर बदलणारे कारागीर आहेत, पण घरी तो उघडू नये. प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ साठलेले असतात, आणि सील तुटले की वॉरंटीही जाते.