ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील नियमबदल

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा लंबगोल मैदानावर, लंबगोल चेंडूने, प्रत्येकी १८ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा खेळ. १८५९ साली मेलबर्न फुटबॉल क्लबने लिहिलेले त्याचे पहिले नियम अवघे दहा होते. पुढे फेरफाराची जी सवय जडली ती सुटलेली नाही. यात ऑफसाइड नसतो आणि कोणी कुठेही उभे राहावे. त्यामुळे सगळा संघ एकाच भागात गोळा करायला प्रशिक्षकाला आडकाठी नसते. गर्दी झाली की गोल आटतात, आणि गोल आटले की नवा नियम येतो. सर्वोच्च स्पर्धा चालवणारी ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग (एएफएल) हीच नियमांचीही कर्तीधर्ती असल्याने बदलाला वेळ लागत नाही.

इंटरचेंजचे, म्हणजे मैदानावरचे आणि बाकावरचे खेळाडू अदलून-बदलून खेळवण्याचे, उदाहरण सर्वांत बोलके. १९७८ पूर्वी बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे. त्या वर्षी दोघांना आतबाहेर करण्याची मुभा मिळाली. १९९४ मध्ये बाकावर तिघे, १९९८ मध्ये चौघे आले. सोय दुखापतीसाठी होती, पण प्रशिक्षकांनी तिचा उपयोग दम खाण्यासाठी केला: थोडा वेळ जीव तोडून धावायचे, बाहेर यायचे, पुन्हा आत. ताजेतवाने पाय मैदानभर चेंडूमागे धावू लागले आणि गर्दी आणखी वाढली. म्हणून २०११ मध्ये बाकावरच्या चौथ्याला एकदाच उतरणारा बदली खेळाडू केले. तो हिरवे जाकीट घालून अर्धा सामना बसून राही, हे कोणालाच रुचले नाही. २०१४ मध्ये प्रत्येक संघाला १२० अदलाबदलींची मर्यादा आली. २०१६ मध्ये बदली खेळाडू रद्द होऊन ती ९० वर आणि २०२१ मध्ये ७५ वर आली. त्याच वर्षी बदली खेळाडू दुखापतीपुरता परतला, २०२३ मध्ये डावपेचांसाठीही मोकळा झाला आणि २०२६ साठी पुन्हा हद्दपार होऊन बाकावर पाच जण आले.

२०१९ चा ६-६-६ नियम क्रिकेटमधल्या तीस यार्डांच्या वर्तुळाची आठवण करून देतो. मध्यभागी चेंडू सुरू होताना प्रत्येक संघाचे दोन्ही टोकांच्या ५० मीटर कमानींत (गोलपासून ५० मीटरवर आखलेल्या रेषेच्या आत) सहा-सहा खेळाडू आणि सहा मध्ये हवेत. पहिल्या चुकीला ताकीद, नंतर फ्री किक. पण हे बंधन फक्त प्रत्येक क्वार्टरच्या आरंभी आणि गोलनंतर, तेही चेंडू उडेपर्यंतच. पुढच्या काही सेकंदांत गर्दी परत जमते. त्या हंगामात सरासरी गुणसंख्या वाढण्याऐवजी २०१८ पेक्षाही घटली.

२०२१ चा ‘स्टँड’ नियम अधिक परिणामकारक ठरला. चेंडू झेललेल्या खेळाडूसमोर मार्कवर (झेल घेतला त्या जागी) उभ्या बचावपटूने पंचाने ‘स्टँड’ म्हणताच जागेवर खिळून राहायचे. हलला तर ५० मीटरचा दंड. आधी तो आडवा सरकून तिरकी किक अडवत असे. आता आतल्या बाजूची वाट खुली झाली. तोडही लगेच निघाली: मार्कवर जायचेच नाही, पाच मीटर मागे राहायचे, म्हणजे हालचाल मोकळी राही.

काही बदल एकाच सामन्यातून आले. २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने गीलाँगला सहा गुणांचा गोल मिळू नये म्हणून अकरा वेळा चेंडू स्वतःच आपल्या गोलरेषेपलीकडे घालवून एका गुणाचा बिहाइंड दिला आणि सामना जिंकला. २००९ पासून असे मुद्दाम केल्यास फ्री किक मिळते. पण ‘मुद्दाम’ ठरवायचे कसे? अंगावर प्रतिस्पर्धी किती आला होता, गोलरेषा किती लांब होती, हे पंचाने क्षणात जोखायचे. हेतू पाहणारे नियम नेहमीच वादाचे होतात. चेंडू हेतुपुरस्सर सीमेबाहेर घालवण्याच्या नियमाचेही तेच झाले.

इजा टाळण्यासाठीच्या बदलांवर मात्र फारसा वाद नाही. पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी उंच उडणारे दोन्ही संघांचे रकमन लांबून धावत येऊन गुडघ्यावर गुडघा आपटत आणि लिगामेंट फाटत. २००५ मध्ये १० मीटरचे वर्तुळ आखून ती धाव तोडली.

खेळाची ओळख असलेला, पंचाने चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवण्याचा बाउन्सही २०२६ पासून गेला. ओल्या मैदानावर तो वाकडा जाई आणि पुन्हा उडवावा लागे. शिवाय उत्तम निर्णय देणारा पंच केवळ हे कसब जमत नाही म्हणून मागे पडत असे. आता चेंडू हाताने वर फेकतात.