रखमाबाईंचा खटला आणि सरकारी सबुरी

इंग्रजी अमदानीतल्या समाजसुधारणेचा विषय निघाला की शाळेत पाठ केलेली सालं तोंडावर येतात. सतीबंदी १८२९, विधवाविवाह १८५६, संमतिवय १८९१, शारदा कायदा १९२९. वजाबाकी केली तर मधली अंतरं २७, ३५ आणि ३८ वर्षांची निघतात. यादी अपुरी आहे, हे कबूल. तरी राज्य मुरत गेलं तसा या कामाचा उरक वाढला, असं काही त्यातून दिसत नाही.

सत्तावन्नच्या बंडाची धास्ती हे एक कारण. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात हात घालणार नसल्याचं वचन दिलं आणि पुढे ते फार सोयीचं ठरलं. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली. सरकारने ती अभिप्रायासाठी फिरवली आणि १८८६ मध्ये तूर्त कायदा नको म्हणून कागद मिटले.

पण हात घालायचा नाही म्हणजे नेमकं कुठे? त्याच काळात मुंबई हायकोर्टात रखमाबाईंचा खटला चालू होता. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, सासरी कधी नांदल्या नाहीत, वाढल्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. नवरा दादाजी भिकाजी याने बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, ही विलायतेतून आणलेली चीज आहे, असं त्यांचं म्हणणं. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. खुद्द इंग्लंडात अशा हुकूमभंगाची कैद १८८४ मध्येच रद्द झाली होती! रखमाबाईंनी तुरुंग पत्करला असता, पण १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. तो दावा मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये शिल्लक आहे, नवरा-बायको दोघांनाही तो लावता येतो.

म्हणून 'सरकार तटस्थ होतं' हे मला पटत नाही. इथे ना शास्त्र पाळलं, ना विलायतेतली सुधारणा आणली. १८९१ चं संमतिवयाचं बिल आलं तेही कलकत्त्यात फुलमणी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेल्यानंतर. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहाचं बारा झालं. टिळकांचा विरोध, तेलंग-भांडारकरांचा पाठिंबा, हे सर्वांना ठाऊक आहे.

विसाव्या शतकात कौन्सिलात आपले लोक बसले, तेव्हा अडचण वेगळीकडे सरकली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. पण हा ठराव, कायदा नव्हे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, कागदावर. पाणी प्यायला डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह तिथे जावं लागलं. वर्ष संपायच्या आत प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षांना तीन दिवस कमी.