ताट की पाट? उतारवयातल्या कानाची गोष्ट

"म्हाताऱ्यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते" हे वाक्य बहुतेक घरांत कधी ना कधी बोलले गेलेले असते. आमच्या घरी ते माझ्या वडिलांबद्दल बोलले जाई आणि बोलणाऱ्यांत मीही होतो. बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसून गप्पा मारताना त्यांना सगळे नीट कळत असे. पण स्वयंपाकघरात मिक्सर सुरू असताना आईने "ताट घ्या" म्हटले की ते निमूटपणे पाट घेऊन येत. दोनदा सांगूनही कळले नाही म्हणून तिने आवाज चढवला, की उत्तर ठरलेले: "ओरडतेस कशाला? बहिरा नाहीये मी!" आम्हाला हा हट्टीपणा वाटे. शांततेत कळणे, गोंगाटात न कळणे आणि मोठा आवाज मात्र सहन न होणे, ही तिन्ही लक्षणे मुळात एकाच बिघाडाची आहेत, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

कानाचा पडदा आणि त्यामागची तीन चिमुकली हाडे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यांच्याही पलीकडे कर्णावर्त असते, म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली, द्रवाने भरलेली नळी. ती उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या आत लांबीभर एक लवचीक पट्टी ताणलेली असते. ही पट्टी तोंडाशी अरुंद आणि कडक, तर टोकाला रुंद आणि सैल असते. त्यामुळे तार स्वर तोंडापाशी आणि खर्जातले स्वर टोकापाशी सर्वाधिक कंप निर्माण करतात. पेटीच्या पट्ट्या जशा ओळीने मांडलेल्या असतात, तशीच येथे प्रत्येक वारंवारतेची जागा ठरलेली असते.

या पट्टीवरून लाट कशी धावते हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यांना दिसलेली लाट फार पसरट होती. सुरात अगदी थोडा फरक झाला तरी तो जाणकार कानाला खटकतो. एवढा नेमकेपणा इतक्या ढोबळ लाटेतून यावा कसा? कानात एखादी सक्रिय यंत्रणा असली पाहिजे, असे थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच मांडले होते, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांना कानातून बाहेर येणारा अतिक्षीण आवाज मोजता आला, तेव्हा कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही काही करतो, हे मान्य करावे लागले. नवजात बाळांची श्रवणचाचणी आज याच आवाजाच्या आधारे करतात.

हे काम करतात बाह्य रोमपेशी. रोमपेशी म्हणजे टोकाला केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी. कर्णावर्तात दोन प्रकारच्या रोमपेशी असतात. आतल्या, सुमारे ३,५०० पेशी मेंदूला संदेश पाठवतात. बाहेरच्या, तीन रांगांत उभ्या असलेल्या सुमारे १२,००० पेशी वेगळेच काही करतात. ध्वनीची लाट आली की या पेशींमधील विद्युतदाब बदलतो आणि त्या बदलासरशी पेशी चक्क आखूड आणि लांब होतात, तेही सेकंदाला हजारो वेळा. असे आक्रसणे घडवून आणणारे प्रथिन, प्रेस्टिन, २००० मध्ये सापडले. झोक्याला नेमक्या क्षणी हात लावावा, तशी ही पेशी पट्टीच्या कंपाला योग्य क्षणी रेटा देते आणि त्यामुळे मंद आवाज ४० ते ६० डेसिबलनी वाढतो, शिवाय लाटेचे शिखर टोकदार होते. मोठ्या आवाजाला मात्र या मदतीची गरज नसते आणि ती मिळतही नाही.

उतारवयात याच पेशी आधी मरतात आणि त्यांचे मरण कर्णावर्ताच्या तोंडाकडून, म्हणजे तार स्वरांच्या बाजूने सुरू होते. वृद्धाचा कान हळूहळू बेकेशींनी पाहिलेल्या मृत कानासारखा वागू लागतो, असे म्हटले तरी चालेल. मंद आवाज पोहोचत नाही, कारण तो वाढवणारे उरलेले नाही. मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो, म्हणून "ओरडू नकोस". ऐकू येण्याची पातळी वर सरकते, सहन होण्याची पातळी आहे तिथेच राहते आणि मधली जागा चिंचोळी होत जाते. लाटेचे शिखर बोथट झाल्याने मिक्सरची घरघर आणि आईचा आवाज एकमेकांत मिसळतात.

आता ताट आणि पाट. दोन्ही शब्दांत 'आ' तोच आणि 'ट'ही तोच. स्वर जोरकस असतात आणि त्यांची ऊर्जा बरीचशी खालच्या वारंवारतांत असते, त्यामुळे ते वृद्धापर्यंत पोहोचतात. कोणीतरी बोलत आहे हे त्यांना स्पष्ट कळते. 'त' आणि 'प' यांतला फरक मात्र सेकंदाच्या काही शतांश एवढ्या काळात उमटणाऱ्या, बऱ्याच अंशी तार आणि क्षीण अशा ध्वनीत असतो. 'स' तर जवळजवळ संपूर्णच वरच्या वारंवारतांत राहतो. म्हणून "ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत" ही तक्रार अक्षरशः खरी असते.

सस्तन प्राण्यांत या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीत त्या उगवतात, आपल्यात नाही. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडल्याने ऐकू येऊ लागते, असे सांगणारे आजही भेटतात. ते तेल पडद्यापलीकडे पोहोचत नाही आणि पडद्याला भोक असेल तर पोहोचून नुकसानच करते. मळाचा खडा असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा, त्याने फरक पडतो. वय तर टाळता येत नाही, पण मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभे राहून याच पेशी तिशीतच गमावणे टाळता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या माणसांपैकी पाव हिश्शाहून अधिक जणांना अडचण व्हावी इतका श्रवणदोष असतो. त्याचा परिणाम कानापुरता राहत नाही. अर्धवट शब्द संदर्भाने पुरे करण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते, मग ऐकलेले लक्षात ठेवायला ती कमी उरते. लग्नकार्यात चुकीचे उत्तर देऊन हसे झाले की माणूस पुढच्या कार्याला जायचे टाळतो आणि घरातल्या कोपऱ्यातले हे गप्प बसणे पुष्कळदा नैराश्याकडे नेते. उलटही घडते: स्मरणशक्तीच्या तोंडी चाचणीत नीट ऐकूच न आलेला शब्द 'विसरलेला' म्हणून नोंदला जातो.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे फ्रँक लिन आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये ६३९ जणांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या. सौम्य श्रवणदोष असलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे दुप्पट, तर तीव्र दोष असलेल्यांत सुमारे पाचपट आढळला. एवढ्यावरून "मशीन लावा, स्मृतिभ्रंश टाळा" अशा जाहिराती निघाल्या. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. रक्तवाहिन्यांचा विकार कान आणि मेंदू दोघांनाही पोखरू शकतो. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरील तीन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सर्वांचा एकत्रित विचार करता श्रवणयंत्रामुळे आकलनशक्तीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही, पण आधीपासून हृदयविकारविषयक पाहणीत असलेल्या, अधिक वयाच्या आणि अधिक धोक्यातल्या गटात हा ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. यात आशा आहे, हमी नाही.

आजची श्रवणयंत्रे मंद आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवतात, म्हणजे मेलेल्या रोमपेशींची अर्धी नोकरी करतात. लाटेचे शिखर टोकदार करण्याची उरलेली अर्धी नोकरी त्यांना जमत नाही, म्हणून चष्म्यासारखा चटकन गुण येत नाही आणि अनेक यंत्रे आठवड्याभरात कपाटात जातात. वर्षानुवर्षे न ऐकलेल्या तार ध्वनींची मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. वडिलांची पहिली तक्रार वर्तमानपत्राविषयी होती: पान उलटले की फार कर्कश वाजते. तिसऱ्या आठवड्यात ती थांबली. पाट अजूनही अधूनमधून येतो, म्हणून आई आता आधी मिक्सर बंद करते, त्यांच्याकडे वळते आणि मग "ताट" म्हणते.