शिडाने पोसलेली आगबोट: मुंबई–सुएझ मार्गाची पार्श्वभूमी

आगबोट वेगवान होती म्हणून शिडाची जहाजं मागे पडली, असं सरसकट लिहिलं जातं. वेगाचा वाटा होताच. पण १८२५ ते १८६५ ही चाळीसेक वर्षं लांब पल्ल्याच्या व्यापारात आगबोट शिडाच्या जहाजाशी स्पर्धा करत नव्हती, ती त्याच्यावर विसंबून होती. तिला वाटेत लागणारा कोळसा शिडाची जहाजंच ब्रिटनमधून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालून आणून टाकत. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढच्या घडामोडी नीट उलगडत नाहीत. ते सगळ्यात लख्ख दिसतं मुंबई–सुएझ मार्गावर, म्हणून इथे भर त्याच मार्गावर आहे.

अटलांटिकची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १८३८ च्या एप्रिलमध्ये ‘सिरियस’ आणि ‘ग्रेट वेस्टर्न’ एकापाठोपाठ न्यूयॉर्कला पोहोचल्या. ते अंतर साधारण तीन हजार सागरी मैलांचं, म्हणजे कोळशाच्या एका भरण्यात कसंबसं पार होणारं. हिंदुस्थानची वाट निराळी होती. केपला वळसा घालून लंडन ते मुंबई हे अंतर दहा हजार सागरी मैलांच्या वर जातं. १८२५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ नावाची आगबोट लंडनहून कलकत्त्याला निघाली. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी बक्षीस लावलं होतं आणि मुदत ७० दिवसांच्या आसपासची होती. तिला ११३ दिवस लागले. वाटेत बराच काळ इंजिन बंद आणि शिडं उभारलेली, अशीच ती आली. चांगलं शिडाचं जहाजही जवळपास तेवढ्याच दिवसांत येत असे. केपच्या वाटेने वाफेवर यायचं तर पोटात कोळसाच भरावा लागतो आणि मालाला जागा उरत नाही, हे या एका सफरीने दाखवून दिलं.

मग उरला तांबडा समुद्र. मुंबईहून सुएझ, तिथून उंटावरून कैरो, नाईलमार्गे अलेक्झांड्रिया आणि पुढे भूमध्य समुद्र. हा रस्ता जुनाच होता. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षाचा बहुतेक काळ वारा उत्तरेकडून येतो, त्यामुळे शिडाच्या जहाजाला सुएझपर्यंत चढणं जिवावर येई. वाफेला मात्र वाऱ्याची दिशा विचारावी लागत नव्हती. मुंबई सरकारच्या आरमारातल्या अधिकाऱ्यांनी हे हेरलं आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांच्या संमतीची फारशी वाट न पाहता मुंबईच्या गोदीत एक आगबोट बांधून घेतली. बांधणारं घराणं पारशी, लाकूड मलबारचं सागवान, इंजिनं लंडनहून आणलेली. १८२९ मध्ये पाण्यात उतरलेल्या या बोटीला कंपनीच्याच एका संचालकाचं नाव दिलं: ‘ह्यू लिंडसे’.

बोट ४११ टनांची होती आणि तिच्यात ८०-८० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती. तिच्या कोळशाच्या कोठ्या होत्या साडेपाच दिवसांपुरत्या. मुंबई ते एडन, म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळच्या बंदरापर्यंत, जायला अकरा दिवस लागणार होते. तेव्हा मालाच्या जागेत, उतारूंच्या खोल्यांत, डेकवर, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा रचला. बोट इतकी खोल बसली की दोन्ही बाजूंची पॅडलची चाकं पाण्यात बुडाली आणि निघताना तिला धड वेगही घेता येईना. पॅडलच्या बोटीची ही अडचण कायमचीच होती. निघताना चाकं खोल रुततात, कोळसा जळत गेला की बोट वर येते आणि शेवटी चाकं वरवरच पाणी उडवत राहतात. चाक योग्य खोलीवर चालतं ते फक्त मधल्या काही दिवसांत.

२० मार्च १८३० ला निघून ती एडनला पोहोचली तेव्हा कोठ्यांत काही तासांपुरताच कोळसा उरला होता. एडनला, तांबड्या समुद्रावरच्या जेद्दाला आणि पुढे इजिप्तच्या कुसैर बंदरात कोळसा तयार ठेवला होता, तो आधी शिडाच्या जहाजाने पाठवलेला. भरायला माणसं अपुरी, त्यात दिवसच्या दिवस गेले. २२ एप्रिलला बोट सुएझला लागली. ३३ दिवसांपैकी बारा-एक दिवस कोळसा घेण्यातच गेले होते.

इथून वाद सुरू झाला, आणि तो तपशिलात समजून घेण्यासारखा आहे. पुढची तीस वर्षं सरकारी पैसा कुठल्या दिशेला वाहणार, हे त्याच वादात ठरलं.

लंडनचं म्हणणं साधं होतं. खर्च झेपणारा नाही. टपालाच्या आणि मूठभर उतारूंच्या उत्पन्नातून कोळशाचेसुद्धा पैसे निघत नाहीत, आणि पत्रं दोन महिने आधी मिळण्याची घाई कंपनीपेक्षा व्यापाऱ्यांना जास्त आहे. मुंबईचं उत्तर होतं की पत्रोत्तराला जाऊन-येऊन आठ-दहा महिने लागतात, तोवर इथले प्रश्न बदललेले असतात. मुंबईने नुसता युक्तिवाद केला नाही, लंडनची नाराजी पत्करून पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच बोटीच्या आणखी फेऱ्या काढल्या. या फेऱ्या मुद्दाम हिवाळ्याच्या सुमारास ठेवल्या होत्या. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा मोसमी वारा थेट तोंडावर येतो आणि त्या काळच्या इंजिनात त्याच्याशी झुंजायची ताकद नव्हती. टीकाकारांच्या हाती हा पक्का मुद्दा होता: वर्षातले चार महिने बंद पडणाऱ्या वाहतुकीला नियमित सेवा म्हणायचं कसं?

तिसरा पक्ष कलकत्त्याचा. तिथल्या व्यापाऱ्यांना आगबोट हवी होती, पण मुंबईपुरती नको होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई तिन्हींना जोडणारी एकच मोठी योजना व्हावी, हा त्यांचा हट्ट. आगबोटीसाठी झटणाऱ्या मुंबईच्या समितीने तो मोडून काढायचा प्रयत्न केला, कारण इतक्या मोठ्या योजनेत मुंबईची वेळ लांबणार होती. दोन्हीकडून वर्गण्या जमल्या, ठराव झाले, निवेदनं लंडनला गेली. १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेने समिती नेमली. तिने तांबडा समुद्र मान्य केला खरा, पण युफ्रेटिस नदीतून वाट काढण्याच्या प्रयोगासाठीही २०,००० पौंड मंजूर झाले. लोखंडी आगबोटींचे सुटे भाग सीरियाच्या किनाऱ्यावर उतरवून ओढत नदीपर्यंत नेले. १८३६ च्या मे महिन्यात त्यांतली ‘टायग्रिस’ वादळात बुडाली आणि माणसं दगावली. त्यानंतर नदीचं नाव मागे पडलं. १८३७ मध्ये मुंबई–सुएझ मासिक टपालसेवेवर शिक्कामोर्तब झालं.

मार्गाच्या बाबतीत मुंबई बरोबर होती, हे माझं स्पष्ट मत आहे. केप आणि युफ्रेटिस या बाकीच्या दोन्ही पर्यायांत कोळसा आणि भूगोल यांचा मेळ बसत नव्हता. पण त्या बरोबरपणाची किंमत कोणी मोजली, हेही तितकंच ठळकपणे सांगायला हवं. खर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थानच्या महसुलातून गेला. सुरुवातीचा लाभ मात्र मिळाला सरकारी दप्तराला, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरच्या पत्रांना आणि बाजारभाव आधी कळणाऱ्या पेढ्यांना. जगभर लांब पल्ल्याच्या आगबोटी पहिली तीन दशकं टपालाच्या सरकारी ठेक्यांवरच तगल्या. बाजाराने शिडाला बाजूला सारलं ही कथा पुढची आहे.

मासिक सेवा ठरली की कोळशासाठी कायमचा तळ आलाच. त्याआधीच अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटाचा विचार झाला होता. मुंबईहून तुकडी गेली, तापाने माणसं पडली, बेट सोडावं लागलं. मग एडन. १८३७ च्या सुरुवातीला ‘दर्या दौलत’ नावाचं, ब्रिटिश निशाण लावलेलं जहाज एडनजवळ फुटलं आणि लुटलं गेलं. भरपाईच्या बोलण्यातून बंदराच्या विक्रीचं बोलणं निघालं, ते फिसकटलं आणि जानेवारी १८३९ मध्ये मुंबईच्या फौजेने एडन घेतलं. कारण लुटीचं दिलं, गरज कोळशाची होती. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई प्रांताकडेच राहिला.

एडनच्या धक्क्यावरच्या ढिगाऱ्यातला कोळसा मुख्यतः वेल्सचा. तो कार्डिफसारख्या बंदरांतून शिडाच्या जहाजांत भरायचा, केपला वळसा घालायचा आणि तीन-चार महिन्यांनी एडनला उतरवायचा. तोवर त्याची किंमत खाणीवरच्या भावाच्या कितीतरी पट व्हायची. आगबोटींची संख्या वाढेल तशी शिडाच्या जहाजांना मागणी वाढत गेली ती यामुळे. १८५४ मध्ये मुंबई–सुएझ टपाल आरमाराकडून काढून लंडनच्या एका खासगी कंपनीला दिलं, तरी हे गणित तसंच राहिलं.

गणित बदललं बॉयलरमध्ये. सुरुवातीच्या आगबोटी बॉयलरमध्ये समुद्राचंच खारं पाणी भरत. पाणी आटत जाईल तसं मीठ दाट होतं आणि आतल्या पत्र्यावर दगडासारखा थर धरतो. म्हणून ठरावीक वेळाने ते दाट, कढत पाणी समुद्रात सोडायचं आणि थंड पाणी आत घ्यायचं, म्हणजे ते तापवायला जाळलेला कोळसाही समुद्रातच ओतायचा. बंदरात लागलं की बॉयलर निववून माणसं आत शिरत आणि हातोडी-छिन्नीने थर फोडत. अशा बॉयलरमध्ये दाब वाढवणं धोक्याचं होतं, आणि दाब कमी म्हणजे कोळसा जास्त. वाफ गार करून तेच गोडं पाणी पुन्हा वापरणारा कंडेन्सर १८६० च्या दशकात सर्रास बसू लागला आणि ही गाठ सुटली. दाब वाढवता आला. वाढलेल्या दाबाची वाफ आधी लहान आणि मग मोठ्या सिलिंडरमधून, अशी दोनदा कामाला लावता आली.

लिव्हरपूलच्या एका मालकाने १८६६ मध्ये अशा इंजिनाची ‘अगामेम्नॉन’ चीनला धाडली. दर चौरस इंचाला ६० पौंडांचा दाब, लोखंडी सांगाडा, चाकांऐवजी मागे पंखा. लिव्हरपूलहून मॉरिशसपर्यंतचे सुमारे साडेआठ हजार सागरी मैल ती वाटेत कोळसा न घेता गेली. टपालाच्या ठेक्याशिवाय, निव्वळ मालाच्या भाड्यावर आगबोट चीनच्या व्यापारात टिकू शकते, हे तिथे सिद्ध झालं. त्याच वर्षी ‘तायपिंग’ आणि ‘एरियल’ ही चहाची शिडाची जहाजं फूचौहून ९९ दिवसांत, एकाच भरतीला लंडनला लागली. ती शर्यत आजही वर्णन करून सांगितली जाते. ‘अगामेम्नॉन’चं नाव फारसं कोणी घेत नाही.

सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला उघडला. मुंबई–लंडन अंतर सुमारे १०,७०० सागरी मैलांवरून ६,२०० वर आलं, पण फक्त आगबोटीसाठी. शिडाच्या जहाजाला कालव्यातून ओढून न्यावं लागे आणि पलीकडे तांबडा समुद्र होताच. उघडल्यानंतर पाचच दिवसांनी स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला ‘कटी सार्क’ पाण्यात उतरली. चहाच्या धंद्यात ती जेमतेम आठ वर्षं टिकली आणि मग ऑस्ट्रेलियाच्या लोकरीकडे वळली. १८७० मध्ये कालव्यातून ४८६ जहाजं गेली. विशेष म्हणजे ब्रिटिश टपाल खात्याने टपाल कालव्यातून न्यायला बराच काळ नकार दिला. बोट कालव्यातून जायची आणि टपालाच्या थैल्या अलेक्झांड्रियाला उतरून रेल्वेने सुएझला यायच्या. टपालाने ज्या आगबोटीला जगवलं, तिच्याबाबत हा हेकेखोरपणा समर्थनीय वाटत नाही.

मुंबईवर परिणाम लगेच दिसला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते ६५, मुंबईहून लँकेशायरला गेलेला कापूस मुख्यतः शिडाच्या जहाजांतून केपच्या वाटेने गेला होता. कालव्यानंतर गाठी आगबोटीत चढू लागल्या आणि लिव्हरपूलइतकेच त्रिएस्त, जिनोआ, मार्सेय गिऱ्हाईक झाले. १८७० मध्येच सुएझ–एडन–मुंबई समुद्री तार पडली. तिचा मोठा भाग टाकणारी ‘ग्रेट ईस्टर्न’ ही त्या काळची जगातली सगळ्यात मोठी आगबोट होती. वाटेत कोळसा न घेता पूर्वेकडे जाण्यासाठी बांधलेली ही बोट उतारूंच्या धंद्यात बुडीत निघाली होती. तारेने कुठल्या बंदरात माल थांबला आहे ते कळू लागलं आणि ठरावीक वेळापत्रक नसलेल्या मालबोटींच्याही धंद्याचा जम बसला. ससून डॉक १८७५ चं, प्रिन्सेस डॉक १८८० चं. भरती-ओहोटीची वाट न पाहता आगबोट भरून परत पाठवायची ही गरज त्यांच्यामागे होती.

याच काळात मुंबईचं जहाजबांधणीचं वैभव ओसरलं, आणि त्याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. इथल्या सागवानी जहाजांचा टिकाऊपणा वादातीत होता. १८१७ मध्ये इथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला उभी आहे. पण लोखंड, बॉयलर आणि मोठी इंजिनं स्कॉटलंडमधल्या क्लाईड नदीकाठी बनत होती आणि ती इथे उभी करायला सरकारने कधी भांडवल घातलं नाही. तांबड्या समुद्राची वाट उघडणारी बोट ज्या गोदीत बांधली, तिच्या वाट्याला पुढे मुख्यतः डागडुजी आली.

माणसं मात्र इथूनच गेली. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, त्यांच्यावर टंडेल, टंडेलावर सारंग. भोजनघरात गोव्याचे लोक. खाली भट्ट्यांसमोर आगवाले आणि त्यांना कोळसा ओढून देणारे कोळसावाले. तांबड्या समुद्रात, वारा पाठीमागून बोटीच्याच वेगाने येत असला की खाली हवेचा झोत पोहोचत नसे, आणि आगवाले बेशुद्ध होऊन पडत. त्यांना गोऱ्या खलाशांच्या मानाने पगार फार कमी आणि झोपायला जागाही कमी. आगबोटीचं भाडं उतरलं त्यात कंडेन्सरइतकाच या कमी पगाराचाही वाटा आहे.

ब्रिटिश नोंदणीत आगबोटींचा टनभार शिडाच्या जहाजांपुढे गेला १८८३ मध्ये. आगबोट वर्षात कितीतरी जास्त फेऱ्या करते, तेव्हा प्रत्यक्ष मालवाहतुकीत हा बदल त्याआधीच झाला होता. त्याच सुमारास, १८८१ मध्ये, तीनदा वाफ वापरणाऱ्या इंजिनाची ‘अ‍ॅबर्डीन’ वाटेत एकदाच कोळसा घेऊन ४२ दिवसांत मेलबर्नला पोहोचली आणि ऑस्ट्रेलियाची लांब वाटही आगबोटीच्या आवाक्यात आली. शिडाकडे उरला तो वजनदार, स्वस्त आणि घाई नसलेला माल: चिलीचं सोरा-खत, कॅलिफोर्नियाचा गहू, आणि अर्थात कोळसा. त्यासाठी पोलादी सांगाड्याची, चार-चार डोलकाठ्यांची प्रचंड जहाजं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बांधली जात होती. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालणारी ही वाटही त्यांच्या हातून जाऊ लागली. आपल्या किनाऱ्यावर उतारू आगबोटीत गेले, पण मंगळुरी कौलं, लाकूड आणि मीठ शिडाच्या फत्तेमारीतून मुंबईला येत राहिलं. वारा फुकट होता, आणि कौलांना मुंबई गाठायची घाई नव्हती.