त्वचावार्धक्य, स्त्रियांमधील : सूर्यप्रकाश व व्यायाम यांचे परिणाम

वयोमानानुसार त्वचेत होणारे बदल दोन प्रकारचे मानतात. शरीरभर सावकाश होत जाणाऱ्या बदलांना अंगभूत वार्धक्य, तर मुख्यतः उन्हामुळे उघड्या भागांवर होणाऱ्या बदलांना प्रकाशजन्य वार्धक्य म्हणतात. पहिल्यात त्वचा पातळ व कोरडी होऊन तिच्यावर बारीक सुरकुत्या पडतात. दुसऱ्यात ती जाड, खरखरीत व डागाळलेली होते आणि सुरकुत्या खोल असतात. एकाच स्त्रीच्या हाताची कोपराखालची आतली व बाहेरची बाजू शेजारी ठेवून पाहिल्यास हा भेद स्पष्ट दिसतो. गोऱ्या वर्णाच्या मध्यमवयीन स्त्रियांत मानेच्या दोन्ही बाजू तांबूस-तपकिरी व जाळीदार होतात, पण हनुवटीच्या सावलीतला भाग बहुधा जसाच्या तसा राहतो.

ऊन व त्वचेतील हे बदल यांचा संबंध प्रथम कोणी दाखविला, याविषयी एकमत नाही. सामान्यतः हा मान जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उना यांना देतात. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खलाशांच्या त्वचेचे वर्णन केले. जवळजवळ त्याच सुमारास फ्रान्समध्ये त्वचारोगतज्ज्ञ द्युब्रेय यांनी बोर्दो परिसरातील द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या त्वचेविषयी तशीच निरीक्षणे नोंदविली. मात्र दोघांचाही रोख प्रामुख्याने कर्करोग व त्याची पूर्वरूपे यांवर होता. त्यामुळे वार्धक्यापुरते बोलायचे, तर अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या १९६९ मधील लेखाला आरंभस्थान देणे अधिक रास्त वाटते.

उन्हाने जुनावलेल्या अंतस्त्वचेच्या (बाह्यत्वचेखालील थराच्या) वरच्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली स्थितिस्थापक (ताणून पूर्ववत होणाऱ्या) तंतूंसारख्या द्रव्याचे गुंतागुंतीचे पुंजके दिसतात. हे द्रव्य म्हणजे कोलॅजेनचा (त्वचेला बळकटी देणाऱ्या तंतुमय प्रथिनाचा) ऱ्हास होऊन उरलेला भाग होय, असे पूर्वी अनेकजण मानीत. प्रतिरक्षा-रासायनिक (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिने ओळखणाऱ्या) तपासण्यांत त्यात इलॅस्टिन हे स्थितिस्थापक तंतूंचे मुख्य प्रथिन व त्याच्याशी निगडित प्रथिने आढळल्यापासून ते स्थितिस्थापक तंतूंच्याच सदोष व अतिरिक्त निर्मितीतून साचते, या मताकडे कल वाढला असून तेच अधिक सयुक्तिक दिसते. कोलॅजेनची हानी होते हे मात्र निर्विवाद आहे. १९९० च्या दशकात मिशिगन विद्यापीठातील फिशर, व्होरहीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, त्वचा लाल होण्यास लागणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळ कमी अतिनील किरणांनीही कोलॅजेनचे विघटन करणारी एंझाइमे त्वचेत वाढतात. त्वचा भाजली नाही म्हणजे तिला इजा झाली नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही. ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-अ किरण अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात.

स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीमुळे यात भर पडते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, असा अंदाज सर्वत्र उद्धृत केला जातो. त्यानंतर घट मंदावते. सावळ्या व काळ्या वर्णात मेलॅनीन हे रंगद्रव्य जास्त असल्याने सुरकुत्या उशिरा येतात, परंतु वांग व काळपट डाग आधी दिसू लागतात; त्यांना दृश्य प्रकाशही कारणीभूत ठरतो.

व्यायामाविषयीची माहिती त्यामानाने अलीकडची व तुटपुंजी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात बैठी जीवनशैली असलेल्या वृद्धांनी काही महिने दमश्वास वाढविणारा (एरोबिक) व्यायाम केल्यावर त्यांच्या त्वचेची रचना सुधारलेली आढळली. स्नायूंतून स्रवणारे इंटरल्यूकिन-१५ हे प्रथिन त्यामागे असावे, असे संशोधकांनी मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांवरून सुचविले. २०२३ मध्ये जपानमधील मध्यमवयीन स्त्रियांवर १६ आठवडे केलेल्या अभ्यासात दमश्वासाचा व्यायाम व वजनांचा व्यायाम या दोन्हींनी त्वचेची लवचिकता वाढली, पण अंतस्त्वचेची जाडी केवळ वजनांच्या व्यायामाने वाढली. हे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. तथापि कॅनडातील अभ्यासात नमुने नितंबावरील, म्हणजे ऊन न लागलेल्या त्वचेचे घेतले होते, ही बाब लोकप्रिय लेखनात हमखास गळते. व्यायामाने अंगभूत वार्धक्य काहीसे मंदावत असेल. उन्हाने झालेली हानी तो भरून काढतो, असे त्यावरून म्हणता येत नाही.

व्यायामाने चेहरा ओढलेला व वयस्क दिसू लागतो, हा समज विशेषतः लांब पल्ल्याच्या धावपटू स्त्रियांकडे पाहून रूढ झाला आहे. त्यांच्या गालांतील चरबी कमी झालेली असते आणि सरावाचे असंख्य तास उघड्यावर गेलेले असतात. या दोन कारणांनी त्याचा उलगडा पुरेसा होतो. घामाने ओली त्वचा अतिनील किरणांनी लवकर लाल होते, शिवाय घामाबरोबर उन्हापासून संरक्षण देणारे मलमही निघून जाते, म्हणून ते सुमारे दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. डोंगरावर दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजे बर्फ त्यांतील बहुतांश किरण परावर्तित करते. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे ५५ वर्षांखालील स्त्री-पुरुषांवर साडेचार वर्षे चाललेल्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेल्या) चाचणीत, मलम रोज लावणाऱ्या गटाच्या त्वचेतील वार्धक्याची वाढ मर्जीनुसार लावणाऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळली.