रस्टमधला ॲरे: कॉमा की सेमीकोलन?

मराठवाड्याचे जिल्हे आठ. संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंत प्रत्येकाचा आजचा पाऊस मिलिमीटरमध्ये ठेवायला ॲरे, म्हणजे ठरावीक घरांची रांग, हवाय. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत [०; ८] लिहिलं तर शून्य भरलेली आठ घरं मिळतात. [०, ८] लिहिलं तर घरं दोनच: एकात शून्य, दुसऱ्यात आठ. (व्हेरिएबलला ‘पाऊस’ हे देवनागरी नाव २०२१च्या १.५३ आवृत्तीपासून चालतं. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच टाइप करा.)

चुकून कॉमा पडला तरी ती ओळ बिनतक्रार कंपाइल होते, कारण दोन आकड्यांचा ॲरेही ॲरेच. चूक कधी सापडेल ते टाइप (माहितीचा प्रकार) लिहिलाय की नाही यावर. रस्टमध्ये ॲरेची लांबी टाइपचाच भाग असते. त्यामुळे डावीकडे आठ घरांचा टाइप लिहिलेला असेल तर लगेच ई०३०८ (टाइप न जुळल्याचा कंपायलरचा एरर) येतो: मागितली आठ, मिळाली दोन. नसेल लिहिला, तर कंपायलर दोन घरं धरून पुढे जातो. मग पाऊस[५] असा थेट आकडा दिसला तर तो अडवतो, पण इंडेक्स बाहेरून व्हेरिएबलमध्ये आला तर चालू प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे मध्येच बंद पडतो. सगळ्यात वाईट फॉर लूप. तो दोन घरं फिरून मुकाट थांबतो. बेरजेला लांबीने भागा, आठही जिल्हे कोरडे असताना सरासरी ४ मिलिमीटर!

सेमीकोलन बरोबर पडला तरी शून्याला दशांश नाही, म्हणून घरं आय३२ची, म्हणजे पूर्णांकांची. लातूरच्या घरात १२.५ टाकलं की पुन्हा ई०३०८. खूण १२.५ खाली दिसते, दोष मात्र वरच्या शून्यात. [०.०; ८] लिहा, एफ६४ म्हणजे दशांशाचा टाइप मिळेल.

ई०२८२ची याच्याशी गल्लत होते. ई०३०८ म्हणजे दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. ई०२८२ म्हणजे कुठेच काही सांगितलं नाही. रिकामा वेक (लांबी बदलू शकणारी यादी) केला आणि पुढे त्यात एकदाही काही पुश केलं, म्हणजे भरलं, नाही, की हा येतो. पुढे १२.५ पुश करा, तक्रार मिटते.

तालुक्यांची संख्या फाइल वाचूनच कळणार असेल, तर ॲरेत सेमीकोलनच्या उजवीकडे ती व्हेरिएबल चालत नाही, ई०४३५ येतो. तिथे वेक मॅक्रो वापरा. कॉमा-सेमीकोलनचा फरक त्यातही हाच, पण वेकच्या टाइपमध्ये लांबी नसते. त्यामुळे लांबी चुकली तर टाइप लिहूनही ई०३०८ मदतीला येत नाही.