प, त, क आणि तीन वर्षांचा कान

कपातलं दूध संपतं. तीन वर्षांचं पोर कप पुढे करून म्हणतं, "मास मिल्क." बाई हसत नाहीत, चूकही काढत नाहीत. "मास लेचे? आकी त्येनेस" (आणखी दूध? हे घे) असं म्हणत दूध ओततात आणि पुढच्या मुलाकडे वळतात. अमेरिकेतल्या स्पॅनिश इमर्शन, म्हणजे मुलांना थेट त्या भाषेतच बुडवून ठेवणाऱ्या, बालवाड्यांमध्ये भाषा शिकवतात ती अशी. बाईंना इंग्रजी चांगलं येत असतं, पण मूल इंग्रजीत काहीही बोललं तरी उत्तर स्पॅनिशमध्येच मिळतं. हात धुवायला सांगायचे तर "लाबाते लास मानोस" म्हणताना हात चोळून दाखवायचे. शब्दांच्या याद्या नाहीत, भाषांतर नाही.

बरीच मुलं सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, स्पॅनिशमध्ये तोंडच उघडत नाहीत. घरी आईवडील धास्तावतात. पण सांगितलेली कामं मूल बिनचूक करत असेल, तर भाषा आत शिरते आहे. आणि त्या 'मास मिल्क'चीही काळजी नको. 'आणखी' आधी आणि वस्तूचं नाव नंतर, हा क्रम बरोबरच आहे. अडला तो एक शब्द दुसऱ्या भाषेतून उचललाय. आपण दिवसभर 'ट्रेन पकडतो' आणि 'मीटिंग ठेवतो', तेव्हा आपला कुठे गोंधळ झालेला असतो?

ही पद्धत अमेरिकेत आली कॅनडातून. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरला म्हणून १९६५ मध्ये मुलांचा पहिला वर्ग फ्रेंचमधून सुरू झाला. त्याच्या धर्तीवर १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कल्व्हर सिटीत स्पॅनिशचा वर्ग निघाला. मायामीतल्या कोरल वे शाळेने तर १९६३ मध्येच क्यूबातून आलेली आणि स्थानिक मुलं एकत्र बसवून दोन्ही भाषांत शिकवायला सुरुवात केली होती.

या वयात नेमकं काय हाती लागतं, हे समजायला आपल्या वर्णमालेइतकी सोयीची दुसरी जागा नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या मुलांना दोन्हींतला फरक कळत होता. वर्षाची होता होता तीच क्षमता मावळलेली दिसली, कारण इंग्रजीला या फरकाची गरजच नाही. घरच्या भाषेला जे लागत नाही, ते कान ऐकूनही सोडून द्यायला शिकतो.

स्पॅनिश शिकताना इंग्रजीभाषक अडतो तो अशाच ठिकाणी. स्पॅनिश 'त' आपल्यासारखाच दंत्य. शिवाय तिचे प, त, क अल्पप्राण. इंग्रजी शब्दाच्या आरंभी 'प' येतो तेव्हा ओठ उघडल्यापासून स्वरतंतू कंप पावेपर्यंत सुमारे ५८ मिलीसेकंद जातात आणि मध्ये हवेचा झोत सुटतो. 'फळ' म्हणताना ओठ मिटून जुन्या वळणाचा 'फ' काढला, तर काहीसं तसं ऐकू येईल. स्पॅनिशमध्ये हेच अंतर ४ मिलीसेकंदांच्या आसपास. त्यामुळे 'पेसो' म्हणजे वजन की 'बेसो' म्हणजे मुका, हे अमेरिकी कानाला पटकन कळत नाही.

मग तीन वर्षांच्या मुलाला उशीरच झाला म्हणायचा का? तसं नाही. कान अरुंद होतो, बंद होत नाही. लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये एक सुरेख तुलना प्रसिद्ध केली. काही तरुणांच्या कानावर लहानपणी अनेक वर्षं स्पॅनिश पडलं होतं, पण ते बोलत मात्र नसत. पुढे त्यांनी कॉलेजात स्पॅनिश घेतलं. दुसऱ्या गटाने ही भाषा चौदाव्या वर्षाच्या सुमारास प्रथमच हाती घेतली होती. पहिल्या गटाचे प, त, क स्पॅनिशभाषकांच्या बरेच जवळचे निघाले. व्याकरणात मात्र दोन्ही गट सारखेच. लहानपणी नुसत्या ऐकण्याने उच्चारांची जमीन तयार झाली होती. बाकीची मेहनत कोणालाच चुकली नाही.

ऐकणं मात्र माणसाकडून हवं. सिएटलच्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी मँडरिन बोलणारी माणसं खेळायला बसवली. पंचवीस मिनिटांच्या १२ बैठकांत बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तेव्हा शून्य. पुढे कुल यांच्याच प्रयोगशाळेने उलट्या दिशेने, माद्रिदच्या सार्वजनिक पाळणाघरांत, सात महिने ते पावणेतीन वर्षांच्या २८० मुलांसोबत काम केलं. रोज एक तास, १८ आठवडे, खेळातून इंग्रजी. शेवटी या मुलांच्या तोंडून तासाला सरासरी ७४ इंग्रजी शब्द किंवा शब्दसमूह येत होते, तर नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या तोंडून १३. मोबाइलवर स्पॅनिश गाणी लावून देणाऱ्यांनी हे वाचावंच.

जाहिरातीत मात्र 'मेंदू तल्लख होतो' असं लिहिलेलं असतं. त्यावर माझा विश्वास नाही. अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या ४,५२४ मुलांची माहिती २०१९ मध्ये तपासली गेली, तेव्हा लक्ष एकवटणं वगैरे कौशल्यांत द्विभाषक मुलं सरस असल्याचा पुरावा सापडला नाही. इंग्रजी मागे पडेल ही भीतीही तितकीच पोकळ. न्यू जर्सीत तीन-चार वर्षांच्या मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं; एका गटाला सगळं इंग्रजीत, दुसऱ्याला एक आठवडा इंग्रजी, एक आठवडा स्पॅनिश. दुसऱ्या गटाचं स्पॅनिश सुधारलं आणि इंग्रजीत काही उणं पडलं नाही.

'लहान मुलं भाषा पटकन शिकतात' हेही अर्धंच खरं. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांच्या १९७८ च्या अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत किशोरवयीन सर्वांत पुढे आणि तीन ते पाच वर्षांचे सर्वांत मागे होते. बार्सिलोनातल्या शाळांत सारखेच तास इंग्रजी शिकलेल्यांत, आठव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांना अकराव्या वर्षी सुरुवात करणारे मागे टाकत. लहान मुलांचं भांडवल म्हणजे वेळ. आठवड्याला दोन तासांच्या वर्गात ते वापरायलाच मिळत नाही.

कॅलिफोर्निया-न्यू जर्सीतल्या मराठी घरांत यावर हमखास चर्चा होते: घरी मराठी, बाहेर इंग्रजी, त्यात तिसरी भाषा कशाला? ध्वनींपुरतं बोलायचं तर मराठी ऐकत वाढलेल्या मुलाकडे दंत्य 'त' आणि अल्पप्राण 'प' आधीच असतात. प्रश्न तासांचा आहे. दिवसाचे सात-आठ तास इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये गेल्यावर संध्याकाळी आजीशी बोलायला किती वेळ उरतो, हे आधी मोजावं. आणि शाळेत चौकशीला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: बाई स्वतः दिवसातून किती तास स्पॅनिश बोलतात, आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर पुढचा वर्ग कुठे आहे.